वाढ नाही

काजवालीचा सगळा विश्वास बोटांवर. डोकं तिला होतं, चांगलं तल्लख होतं, पण डोकं माणसाला फसवतं आणि बोटं फसवत नाहीत, असं तिचं म्हणणं. कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात ती सत्तावीस वर्षं हातानं काजं करत होती. मशीनचं काज दोन मिनिटांत होतं, पण भारी कोटाला हाताचंच काज लागतं. हाताचं काज म्हणजे कापडाला चीर पाडायची आणि त्या चिरेच्या कडेनं टाक्याला टाका खेटवत गाठींची बारीक ओळ बसवायची. एक टाका सैल पडला की सगळं काज तोंड वासतं. तिच्या हातचं एकही काज कधी तोंड वासलं नाही.

तिचा दुसरा गुण म्हणजे उरलेलं काही फेकायचं नाही. सुटी बटणं, तुटके हूक, वीतभर दोरे, सगळं ती रंगाप्रमाणे आणि मापाप्रमाणे बरण्यांत भरून ठेवी. एकदा एका गिऱ्हाईकाच्या कोटाचं शिंगाचं बटण हरवलं. तसं बटण बाजारात नव्हतं, कारखान्यात नव्हतं, कुठंच नव्हतं. हिनं तिसऱ्या बरणीत हात घातला आणि अकरा वर्षांपूर्वी उरलेला त्याचा सख्खा भाऊ काढून टेबलावर ठेवला. मालक चाट पडला.

"काजवाली, तू गेलीस की तुझ्या बरण्यांचा लिलाव करीन म्हणतो."

"जाईन हो सावकाश. आधी जरा पगार वाढवा."

"यंदा वाढ नाही," मालक म्हणाला. हे तो दर वर्षी म्हणायचा. कारखान्यात त्या 'वाढ नाही'ची इतकी सवय झाली होती, की बायका एकमेकींना चहा देतानाही म्हणायच्या, घे गं, पण यंदा वाढ नाही.

तिचा नवरा वायरमन. तो बोलका आणि ती अबोल असा लोकांचा समज होता. खरं पाहता तीही बोलायची, पण तोंडात दोऱ्याचं टोक धरलेलं असल्यानं शब्द बाहेर येत नसत. तो मात्र शिडीवर चढला की तोंड सुरू. वरून बोलायचा, खालचे ऐकायचे. कुठल्या घरात सून रागानं दिवे आपटून बंद करते, कुठला म्हातारा मीटरवर हात ठेवून वीज थोपवता येते का बघतो, सगळं त्याला बटणांवरून आणि वायरींवरून कळायचं. एका सभागृहातलं झुंबर उतरवताना त्याची शिडी सरकली. बारा फुटांवरून तो खाली आला, पण झुंबर त्यानं सोडलं नाही. पुढं तो सांगायचा, "झुंबराचा एक लोलक फुटला आणि माझा एक मणका. हिशोबात झुंबरच महाग."

मणक्याच्या डॉक्टरांनी पाठ उघडून दोन सळ्या आणि सहा स्क्रू बसवले. पाय वाचले. शुद्धीवर आल्या आल्या वायरमननं पायाचा अंगठा हलवून पाहिला आणि म्हणाला, "लाइन चालू आहे." मग त्यानं बायकोला जवळ बोलावलं. "आयुष्यभर लोकांच्या भिंतींत स्क्रू पिळले. आता कुणीतरी माझ्यात पिळले. फिटंफाट."

एवढ्यावर भागलं असतं तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या सदऱ्याला पाठीमागं एक ओला डाग दिसला, कोटाच्या मोठ्या बटणाएवढा. तिनं सदरा धुतला. दुसऱ्या दिवशी परत डाग. जखमेच्या खालच्या टोकातून पाणी येत होतं, आणि दोन दिवसांनी ते पाणी राहिलं नाही, पू झाला.

तिथून सात महिने गेले. ते सात महिने असे सांगत बसलं तर ऐकणाराही दमेल. जखम उघडून धुतली, परत शिवली. दहा दिवसांच्या लाल-पिवळ्या कॅप्सूल दिल्या. सहाव्या दिवशी जखम कोरडी खडखडीत झाली. मग काजवालीनं सगळ्या शहाण्या बायका करतात तेच केलं. गुण आला, औषध थांबवलं. उगाच अंगात उष्णता कशाला वाढवायची. उरलेल्या कॅप्सूल तिनं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. महिन्यानं जखम परत वाहू लागली. या वेळी गुलाबी गोळ्या. त्यांनी त्याला मळमळायला लागलं, म्हणून चार दिवस आधीच बंद, उरलेल्या डब्यात. तिसऱ्यांदा लांबट पांढऱ्या गोळ्या, चौदा दिवसांच्या. नवव्या दिवशी जखमेवर खपली धरली. पाच दिवसांच्या दहा गोळ्या उरल्या, त्याही डब्यात. डब्यात तिनं पुठ्ठ्याचे उभे तुकडे घालून कप्पे केले होते, लाल-पिवळ्यांचा एक, गुलाबींचा एक, पांढऱ्यांचा एक. कुठल्याही औषधाच्या दुकानाला लाज वाटेल असा नीटनेटका डबा.

आणि ती दमत चालली होती. सकाळी त्याचं अंग पुसायचं, ड्रेसिंग करायचं, चादर बदलायची, मग कारखाना, मग बस, मग परत ड्रेसिंग. कापूस आणि औषधाचा वास तिच्या बोटांना असा बसला होता की कारखान्यात शेजारची बाई म्हणाली, "तुझी काजं हल्ली दवाखान्यातून डिस्चार्ज घेऊन आल्यासारखी वास मारतात." काजवाली हसली. हसायलाही बळ लागतं, हे तिला त्या दिवसांत कळलं.

शेवटी मणक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि त्यांना जंतूंच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. या बाई वयानं लहान, चष्मा डोक्यावर ढकललेला, आवाज हळू. त्यांनी आधीचे सगळे कागद पाहिले, जखम पाहिली, आणि खुर्ची ओढून वायरमनच्या पुढ्यात बसल्या.

"काका, पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर चढतो, पाहिलाय?"

"पाहिलाय काय, मोटर जोडताना हात घातलाय त्यात."

"तसाच थर तुमच्या पाठीतल्या सळ्यांवर चढलाय. त्या थराखाली जंतू बसलेत. औषध वरून वाहून जातं. वरचे मरतात, जखम सुकते, तुम्हाला वाटतं झालं. खालचे तसेच. आणि दर वेळी जे वाचतात ते त्या औषधाला निर्ढावलेले असतात."

"निर्ढावलेले म्हणजे उधारी मागायला येणाऱ्याला ओळखून दार न उघडणारे," वायरमन म्हणाला.

बाई हसल्या. "अगदी तेच. म्हणून मला आधी बघायचंय की आत कोण आहे. सळ्या आता काढता येत नाहीत, हाड अजून जुळायचंय. सुईनं खोलवरचा तुकडा काढू, प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघू, कुठल्या औषधाला तो मरतो ते कळेल. पण त्याआधी पंधरा दिवस जंतूंचं एकही औषध पोटात जाता कामा नये. औषधानं तो अर्धमेला झाला की प्रयोगशाळेत वाढत नाही. मग आपण आंधळे."

"म्हणजे पंधरा दिवस काहीच नाही?" काजवालीनं विचारलं.

"दुखण्याची गोळी द्या, कॅल्शियम द्या. ताप शंभर आणि दोनच्या वर गेला, पाय जड वाटले, तर लगेच घेऊन या. जंतूंचं औषध मात्र नाही."

वायरमनला ते पटलं. "फॉल्ट शोधायचा तर लाइनला हात नाही लावायचा," तो घरी येताना म्हणाला. तिलाही पटलं. पटणं वेगळं आणि समोर बसून पाहणं वेगळं.

त्याच दिवसांत नणंद राहायला आली, भावाची थोरली बहीण. मायेची होती, पण तिची माया तोंडातून यायची. आल्या आल्या तिनं भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय रे, विजेचा खांब होतास, आता नुसती तार राहिलीस." मग वहिनीकडे पाहिलं. "आणि तू गं? तू तर तारेवर वाळत घातल्यासारखी."

"बसा ताई. चहा ठेवते."

"तू बस. चहा मी ठेवते. साखरेचा डबा कुठला, आणि बटणांचा कुठला, तेवढं सांग. मागच्या वेळी मी चहात बटण ढवळलं होतं."

आठ दिवस निभावले. जखमेतून येणारं वाढलं, रोज चार ड्रेसिंग लागू लागली. नवव्या दिवशी संध्याकाळी वायरमनला हुडहुडी भरली. तापमापकानं शंभर आणि एक दाखवलं. डॉक्टरबाईंच्या रेषेच्या एक पायरी खाली. नणंद पायांवर गोधडी दाबत होती, वायरमनचे दात वाजत होते, आणि तशातही तो म्हणाला, "ताई, जनरेटर चालू झालाय, जरा हळू दाब."

काजवाली स्वयंपाकघरात उभी होती. हातांना करण्यासारखं काही नव्हतं. सत्तावीस वर्षांत ज्या हातांना रिकामं बसायला शिकवलं नव्हतं, ते हात फळीवर गेले आणि डबा खाली आला. पांढऱ्या कप्प्यात दहा गोळ्या. शेवटच्या वेळी याच गोळीनं खपली धरली होती. फक्त जरासा आधार, तिच्या मनात आलं. सगळं औषध नाही, नुसता आधार. उतारावर गाडीच्या चाकाखाली दगड लावतात तसा.

त्याला दुखण्याच्या, कॅल्शियमच्या मिळून दिवसाकाठी नऊ गोळ्या असायच्या. तळहातावर एक पांढरी वाढली.

"ही कसली?" त्यानं विचारलं.

"कॅल्शियम. लांबट आलंय या वेळी."

त्यानं घेतली. सकाळी परत एक, संध्याकाळी परत एक. ताप उतरला. चौदाव्या दिवशी सकाळी कप्पा रिकामा झाला आणि पंधराव्या दिवशी त्याला सुई टोचून तुकडा काढायला नेलं. स्कॅनच्या मशीनच्या खोलीत नेण्यापूर्वी डॉक्टरबाईंनी विचारलं, "पंधरा दिवसांत एकही गोळी गेली नाही ना?"

वायरमन पालथा झोपलेला होता. उशीतून बोलला, "डॉक्टरबाई, माझी बायको टाके मोजून घालते. तिच्या हातून गोळी इकडची तिकडे होणार नाही."

काजवाली त्याच्या चपला हातात धरून उभी होती. तिनं त्या एकमेकींवर ठेवून पिशवीत घातल्या.

पाच दिवसांनी रिपोर्ट आला. नणंदेला वाचायची हौस, तिनं तो दवाखान्याच्या खिडकीवरच हिसकावून घेतला आणि बसमध्ये चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं. घरात शिरताना तिचा चेहरा उजळला होता.

"वाढ नाही. स्पष्ट लिहिलंय. पाच दिवस ठेवला, काहीसुद्धा वाढ नाही."

"म्हणजे जंतू नाहीत?" वायरमन उठून बसला.

"नाहीत म्हणजे नाहीत. वाढ नाही, याचा आणखी काय अर्थ असतो?"

आयुष्यात पहिल्यांदा ते दोन शब्द काजवालीला गोड लागले. नणंदेनं शेजारच्या दोन्ही घरांना बोलावून चहा पाजला. शेजारची म्हातारी म्हणाली, देवाला काळजी. नणंद म्हणाली, देवाला असेल, पण खिडकीवर अडीच तास मी उभी होते. सगळे हसले. काजवालीच्या मनात एक चोरटा आनंदही होता, कारण तिला वाटत होतं की जे झालं त्यात तिच्या दहा गोळ्यांचाही हात आहे. आणि तिथं ती बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"हे चांगलं नाही."

"वाढ नाही ना पण?" नणंद म्हणाली.

"जंतू नाही असं यात लिहिलेलं नाही. जंतू वाढला नाही असं लिहिलंय. जखम वाहतेय, रक्त सांगतंय की आत आग आहे. तो आहे, पण हाताला लागला नाही. असं का व्हावं ते मला कळत नाही." त्यांनी कागद पुन्हा चाळले. "आता थांबण्यात अर्थ नाही. सोमवारी दाखल व्हा. अंदाजानं दोन जबरी औषधं सलाइनमधून सुरू करते. पण काका, तुमची किडनी आधीच काठावर आहे. ही औषधं तिला झेपतील की नाही, खात्री नाही. कुणाशी लढतोय ते माहीत असतं तर एकातच भागलं असतं."

"आणि नाही झेपली तर?" वायरमननं विचारलं.

"तर औषध थांबवावं लागेल. मग सळ्या काढायच्या. हाड जुळलेलं नसताना काढल्या तर पाठीला आधार नाही, आणि पायांचं मी काही सांगू शकत नाही."

वायरमननं एवढ्यावर विनोद केला नाही. घरी येताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि गुडघ्यावर ठेवलेल्या हाताचा अंगठा हलवत होता, पायाचा अंगठा हलवावा तसा.

तो गुरुवार. सोमवारला मध्ये तीन दिवस. काजवालीनं शुक्रवारी कारखान्यात एक काज तीन वेळा उसवलं. मुकादम जवळ येऊन उभा राहिला आणि गेला. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. सांगितलं तर काय होईल, हे तिला ठाऊक होतं. नणंद बोलेल, आणि बोलेल म्हणजे सात पिढ्यांना ऐकू जाईल असं. डॉक्टरबाई म्हणतील, तुमच्यासारख्यांना औषध द्यायचं तरी कसं. आणि नवरा. नवरा काय म्हणेल, तिथं विचार येऊन थांबायचा. न सांगितलं तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. कप्पा रिकामा होता. रिकाम्या कप्प्याला साक्ष देता येत नाही. फक्त त्याच्या किडनीत आंधळी औषधं गेली असती, आणि ती लागू पडली असती तर सगळंच मिटलं असतं.

पण दिवसभर तिच्या कानात उशीतून आलेला तो आवाज होता. तिच्या हातून गोळी इकडची तिकडे होणार नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती एकटीच दवाखान्यात गेली. पिशवीत डबा. एक्केचाळिसावा नंबर. बाकावर शेजारी एक माणूस आपल्या मूतखड्याचं माप बोटावर दाखवत होता, ती मान हलवत होती आणि तिला एक शब्द ऐकू येत नव्हता. नंबर लागला तेव्हा डॉक्टरबाई उभ्यानंच जेवणाचा डबा उघडत होत्या.

"काकू, तुम्ही? सोमवारी यायचं होतं ना?"

काजवालीनं आपला डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. "पांढऱ्या दहा होत्या. दिवसाला दोन. नवव्या संध्याकाळपासून चौदाव्या सकाळपर्यंत. त्याला माहीत नाही. कॅल्शियम म्हणून दिल्या."

डॉक्टरबाईंनी डब्यात पाहिलं. पुठ्ठ्याचे कप्पे, लाल-पिवळ्यांची रांग, गुलाबींची रांग.

"मी एवढं समजावून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, थकला होता. "टाकीचं सांगितलं, थराचं सांगितलं. मी गेले दोन दिवस माझीच चूक शोधतेय, प्रयोगशाळेशी भांडले. काकू, एक सुई त्यांच्या पाठीत फुकट गेली."

"हो."

"का केलंत?"

काजवालीनं बराच विचार केला. खरं कारण फार लहान होतं, सांगायलाही लाज वाटावी असं. "मला बसवलं नाही," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी जेवणाचा डबा बाजूला सारला आणि तिचा डबा पुढ्यात ओढला. एकेक कप्पा बोटानं मोजत गेल्या. कुठल्या किती उरल्यात, म्हणजे किती दिवस घेतल्या, कुठं सोडल्या. कागदावर लिहून घेतलं. आधीच्या कागदांवर सगळीकडे 'कोर्स पूर्ण' असं लिहिलेलं होतं. काजवालीनंच तसं सांगितलं होतं, दर वेळी, आपण खोटं बोलतोय असं न वाटता. जखम सुकली म्हणजे पूर्णच की.

"हे मला पहिल्याच दिवशी हवं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या दोन औषधांविरुद्ध त्या जंतूला तुम्ही तालीम दिलीत. तिसऱ्याविरुद्ध पण दिली असेल. पण पांढरीनं तो लपला, म्हणजे पांढरीला तो अजून थोडा घाबरतो. एवढं तरी कळलं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "सोमवारचं रद्द. पुन्हा पंधरा दिवस. पुन्हा सुई. डबा इथंच राहील. आणि दुसरी सुई का, हे त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

तिनं त्याच दुपारी सांगितलं. नणंद भाजी आणायला गेलेली पाहून. वायरमन कुशीवर झोपला होता, ती पाठीमागं बसून ड्रेसिंग सोडत होती, म्हणजे तोंडं समोरासमोर नव्हती. तिनं सगळं एका दमात सांगितलं, टेप ओढावा तसं. मग तिनं वाकून तो जागा आहे का पाहिलं.

"मी खांबावर चढलोय," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "लाइन बंद करून. आणि खाली कुणाला वाटलं, बिचाऱ्याला अंधारात दिसत नसेल. त्यानं मायेनं मेन स्विच दाबला. तसं झालं हे."

"हो."

"माया होती, हे मला माहीत आहे."

"हो."

"गोळीचं काही नाही गं," तो म्हणाला. "मी विचारलं होतं, ही कसली. तू कॅल्शियम म्हणालीस."

तिनं जखम पुसली, नवा कापूस ठेवला, पट्टी चिकटवली. कडा नीट दाबल्या. संध्याकाळी नणंदेला कळलं आणि ती व्हायचं तेवढं बोलली. "मी शेजारणींना चहा पाजला गं, चहा. आता त्यांना काय सांगू, जंतू सुट्टीवरून परत आला?" बोलून दमली, मग स्वतःच जेवण वाढून वहिनीपुढं ताट सरकवलं. "जेव. रागावलेय मी, पण जेव."

दुसरे पंधरा दिवस पहिल्यापेक्षा लांब होते. वायरमन बोलायचा, पण कामापुरतं. अकराव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हुडहुडी. पुन्हा शंभर आणि एक. घाम, थरथर, पाठीतली कळ. नणंद तापमापक धरून बसली. आणि तो, ज्यानं तिला मेन स्विचची गोष्ट ऐकवली होती, तोच दातांतून म्हणाला, "अगं, घरात काही असेल तर दे. एखादी. सोसवत नाही."

"काही नाही घरात."

"लाल-पिवळी?"

"डबा डॉक्टरबाईंकडे आहे."

"बघ ना. एखादी राहिली असेल."

"राहिली असती तरी दिली नसती," ती म्हणाली. तिनं त्याच्या कपाळावरची घडी ओली करून परत ठेवली आणि हात मांडीवर घेतले. मग ते तिथंच ठेवले. सुई नाही, कापड नाही, पुसणं नाही. तास दीड तास ती तशी बसून राहिली, आणि काज करताना कधी दमली नव्हती इतकी त्या बसण्यानं दमली. साडेआठला ताप शंभरावर आला. तो झोपला. नणंद म्हणाली, "तू पण लवंड जरा." ती बसल्या जागी आधीच पेंगली होती.

दुसऱ्या सुईनंतर तिसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंचा फोन आला. वाढ झाली होती. भरपूर झाली होती. नणंदेनं फोन कानाला लावून ऐकलं आणि काळजीनं विचारलं, "मग आता हे चांगलं म्हणायचं का?" चांगलंच होतं. हट्टी जातीचा जंतू होता. रिपोर्टवर औषधांची उभी रांग होती आणि बहुतेकांपुढं 'लागू नाही'. लाल-पिवळीला दाद नाही, गुलाबीला दाद नाही. तीन औषधांपुढं 'लागू', त्यातली एक पांढरी. डॉक्टरबाईंनी किडनीला त्यातल्या त्यात सोसेल असं एक निवडलं, दंडातून लांब नळी घातली. सहा आठवडे सलाइन, दर दोन दिवसांनी रक्त, नंतर तीन महिने पांढऱ्या गोळ्या, एकही न चुकवता, जखम सुकली तरी, उष्णता वाढली तरी, नणंद काहीही म्हणाली तरी. शेवटचं वाक्य डॉक्टरबाईंनी नणंदेकडे बघून म्हटलं. नणंद म्हणाली, "मी काय म्हणणार, मी चहा करणारी."

किडनी मध्ये एकदा कुरकुरली, डोस कमी केला, सावरली. जखम सातव्या आठवड्यात सुकली आणि सुकलेली राहिली. हाड जुळतंय, असं मणक्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं. सळ्यांचं काय करायचं ते वर्षानं बघू. वायरमन काठी घेऊन जिन्यापर्यंत जाऊ लागला आणि जिन्यातल्या दिव्याचं बटण उलटं बसवलंय म्हणून शेजाऱ्याला चार शब्द सुनावून आला. त्याचं तोंड परत सुरू झालं, सगळ्यांशी. तिच्याशीही.

फक्त गोळ्यांच्या वेळी त्याचे विनोद थांबतात. ती रोज दोन वेळा पाण्याचा पेला आणि तळहातावर गोळ्या घेऊन येते. कारखान्यातून आलेली असते, पाय सुजलेले असतात, पदरालाच हात पुसलेले असतात. तो एकेक गोळी बोटानं बाजूला करतो आणि विचारतो, "ही कसली?"

ती चष्मा लावते, पाकीट उजेडात धरते आणि नाव वाचते. अवघड नाव असलं तर अक्षर अक्षर जुळवून वाचते. तो ऐकून घेतो, मग गिळतो. पुढची. "ही कसली?" ती परत वाचते. कॅल्शियमचंही पाकीट आणून वाचते. नणंद एकदा म्हणाली, रोज काय तेच तेच, पाठ झाली असतील की आता. काजवाली म्हणाली, पाठ झालीत. आणि पुढचं पाकीट उजेडात धरलं.